सतरा ओळींचं पान

धाकट्यांनी मंगळवारी दुपारी धुरानं भरलेलं विमान एकशे त्रेचाळीस माणसांसकट सुखरूप खाली आणलं, आणि थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं.

हे दोघे साडू. एका घरच्या दोन बहिणींचे नवरे. सासरच्या मंडळींनी लग्नापासून एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे म्हणायला सुरुवात केली, ती अठरा वर्षं तशीच चालू राहिली. आता तर एकमेकांची खरी नावं त्यांना फक्त कंपनीच्या कागदांवर दिसत.

कंपनी एकच होती, विमानांची. फरक एवढाच, की धाकटे विमान उडवत आणि थोरले ते कसं उडवावं हे लिहीत. थोरलेही एके काळी पायलट होते. अकराशे तास भरल्यावर त्यांच्या डाव्या कानानं राजीनामा दिला, आणि उरलेल्या माणसाला कंपनीनं सुरक्षा विभागात खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसून त्यांनी बावीस वर्षांत इमर्जन्सीचं पुस्तक लिहिलं. इंजिन बंद पडलं, एक पान. चाकं उघडली नाहीत, दुसरं पान. संकट आलं की को-पायलटनं पान उघडायचं, एक ओळ मोठ्यानं वाचायची, ती अमलात आणायची, झालं असं म्हणायचं, मग पुढची ओळ. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ते थोरल्यांनी आधीच चालवून ठेवलेलं असे.

या पुस्तकातलं त्यांचं सगळ्यात लाडकं पान म्हणजे ‘कॉकपिटमध्ये धूर’. इतर कंपन्यांना या संकटाला तीन-तीन पानं लागत. थोरल्यांनी सतरा ओळींत आणि एकाच पानात ते बसवलं होतं. त्यासाठी अक्षर जरा बारीक करावं लागलं, पण पान उलटायचा त्रास वाचला. खाली चौकटीत छापलं होतं, ‘लागणारा वेळ: तीन मिनिटे पन्नास सेकंद’. हा वेळ त्यांनी स्वतः घड्याळ लावून काढला होता.

त्या मंगळवारी उघडलं गेलं ते हेच पान. पहिल्यांदाच, खऱ्या आकाशात, खऱ्या धुरात. आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय होतं? कॅप्टनचं प्रसंगावधान. कॅप्टनचं थंड डोकं. कॅप्टनचा बालपणीचा फोटो. पानाबद्दल एक अक्षर नाही. थोरल्यांनी बातमी दोनदा वाचली, मग खालच्या जाहिरातीही वाचल्या. तिथंही काही नव्हतं.

रविवारी सासूबाईंनी दोन्ही मुली-जावयांना जेवायला बोलावलं. फ्रिजच्या दारावर थोरल्यांनी दरवर्षी आणून दिलेलं कंपनीचं कॅलेंडर असे. ते आता बाजूच्या भिंतीवर गेलं होतं आणि त्याच्या जागी धाकट्यांचं कात्रण, चारी कोपऱ्यांना चार चुंबक लावून.

“घ्या हो अजून, चिमणीएवढं काय खाताय,” सासूबाई धाकट्यांना म्हणाल्या. “केवढं संकट ते! मी तर बातमी ऐकून मटकन खालीच बसले.”

“अहो आई, विमान कसंही करून खाली यायचंच असतं,” धाकटे म्हणाले. “मी फक्त जरा घाई केली.”

सगळे हसले. थोरल्यांना धाकट्यांचं नेमकं हेच सहन होत नसे. माणूस गर्विष्ठ असता तर त्याला नावं तरी ठेवता आली असती. या माणसानं तीही सोय ठेवली नव्हती.

“आणि खरं सांगू का,” धाकटे पुढं म्हणाले, “श्रेय साडूभाऊंचं आहे. पान त्यांचं होतं.”

सगळ्यांच्या माना थोरल्यांकडे वळल्या. थोरल्यांनी घास गिळला आणि चेहऱ्यावर नम्रता आणायला सुरुवात केली.

“हो का?” सासूबाई म्हणाल्या. “बघा जावईबापू, भांड्यात तेवढी कडेची भाजी राहिलीय, ती संपवून टाका. उगाच शिळी होईल.”

थोरल्यांनी ती संपवली. संपवता संपवता, काही फारसं विचारत नसल्यासारखं विचारलं, “पूर्ण वाचलंत का हो पान?”

धाकट्यांनी पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायला, खाली ठेवला.

“चौथ्या ओळीपर्यंत,” ते म्हणाले, आणि सासूबाईंच्या नव्या पडद्यांचं कौतुक सुरू केलं.

थोरल्यांना त्यानंतर जेवण फार रुचकर लागलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

*

सोमवारी विभागप्रमुख बाईंनी त्यांना आत बोलावलं. बाईंच्या टेबलावर कधीही एकापेक्षा जास्त कागद नसे, त्यामुळे आपला कागद तिथं असला की माणसाला उगाच भीती वाटे.

“त्या धुराच्या प्रकरणाचा अहवाल तुम्ही करा,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. कार्यपद्धती पाळली की नाही, एवढंच. पुढच्या आठवड्यात ट्रेनिंग-प्रमुखाची नेमणूक आहे, आणि यादीत पहिलं नाव त्याच कॅप्टनचं आहे. ‘कार्यपद्धती अपूर्ण’ असा शेरा असला तर पाच वर्षं त्याला ट्रेनिंगच्या आसपास फिरकता येणार नाही, नियम माहीत आहे ना?”

नियम थोरल्यांना माहीत होता. त्यांनीच लिहिला होता.

“बाई, एक सांगायला हवं,” थोरले म्हणाले. ते मत्सरी होते, पण अप्रामाणिक नव्हते. “ते माझे साडू आहेत.”

बाईंनी फॉर्म पाहिला. “इथं दोनच रकाने आहेत. रक्ताचं नातं आणि विवाहाचं नातं. साडू म्हणजे नक्की कोण?”

“माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा.”

“म्हणजे रक्ताचं नाही.”

“नाही.”

“आणि तुमचं लग्न त्यांच्याशी झालेलं नाही.”

“नाही बाई.”

“मग दोन्हीकडे ‘नाही’ लिहा. आणि शुक्रवारी द्या.”

फाइल पातळ होती. इंजिनिअरांच्या अहवालात लिहिलं होतं, की डोक्यावरच्या पट्टीमागं तारा जळत होत्या आणि धूर दिसल्यापासून बाराव्या मिनिटाला आग विमान वळवण्याच्या यंत्रणेपर्यंत पोचली असती. विमान नवव्या मिनिटाला धावपट्टीवर होतं. कॉकपिटमधल्या संभाषणाची टाइप केलेली प्रत होती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, आणि चौथ्या ओळीनंतर, चार मिनिटं झाल्यावर, धाकट्यांचा आवाज: “ठेव ते. परत फिरतोय आपण.”

चार ओळींना चार मिनिटं! सतरा ओळी तीन पन्नासमध्ये होतात. ही मंडळी पान वाचत होती की पाठांतर करत होती? थोरल्यांनी समासात ‘अनाकलनीय दिरंगाई’ असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

शेवटी धाकट्यांचं स्वतःचं निवेदन. ‘चौथ्या ओळीनंतर गडबडीत माझं लक्ष विचलित झालं व पान अपूर्ण राहिलं. ते पूर्ण करायला हवं होतं. चूक माझी.’ खाली सही.

थोरल्यांनी ते निवेदन तीनदा वाचलं. मग उठून खिडकीपाशी गेले, कारण बसून एवढा आनंद मावत नव्हता. खाली गाड्यांच्या तळावर एक माणूस काच पुसत होता, त्याच्याकडे पाहूनही ते हसले.

मग कागदावर हिशेब मांडला. पानाला तीन पन्नास. परत फिरून उतरायला पाच. एकूण आठ मिनिटं पन्नास सेकंद. म्हणजे पूर्ण पान वाचूनही विमान दहा सेकंद लवकर उतरलं असतं! ज्या वीरानं पान अर्धवट टाकून नऊ मिनिटं घेतली, त्याचं कात्रण फ्रिजवर.

घरी बायकोनं ताट वाढता वाढता त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

“अहो, पाच दिवस तुमचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं. आज एकदम गोड कसं झालं?”

“काम मनासारखं चाललंय.”

“धाकटीचा फोन होता. अहवाल तुमच्याकडे आलाय म्हणे. म्हणाली, भाऊजी आहेत म्हणजे काळजी नाही.”

“मी नियमानं लिहिणार.”

“नियमानंच लिहा,” ती म्हणाली. “फक्त लिहिताना हसू नका. अक्षरात दिसतं.”

*

थोरले कच्चं काम करणारे नव्हते. नुसता हिशेब कुणीही खोडून काढील. म्हणून त्यांनी गुरुवारी दुपारी सिम्युलेटर मागून घेतला. तेच विमान, तीच उंची, तोच धूर, सतराच्या सतरा ओळी, आणि आठ पन्नासला धावपट्टी. सगळं रेकॉर्ड करून अहवालाला जोडायचं.

सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी असलेली एक मोठी पांढरी पेटी. आत हुबेहूब कॉकपिट, खिडक्यांमध्ये खोटं आकाश, मागं एका स्टुलावर ऑपरेटर. हा ऑपरेटर दिवसातून सहा-सात विमानं पाडत असे, त्यामुळे त्याला कशाचंच काही वाटत नसे.

विमान चालवायला त्या दिवशीची को-पायलट मुलगी आली होती. चौकशी संपेपर्यंत तिला उड्डाणं नव्हती.

“पान मी वाचणार,” थोरले उजव्या खुर्चीत बसत म्हणाले. लिहिणाऱ्याहून चांगलं कोण वाचणार?

“मास्क?” ऑपरेटरनं विचारलं. “की नेहमीसारखं?”

नेहमीसारखं म्हणजे असं, की ट्रेनिंगमध्ये धुराचा मास्क कुणी लावत नसे. मास्कच्या डब्याला बोट लावायचं, ‘मास्क लावला’ म्हणायचं आणि पुढं जायचं. एकदा बाहेर काढलेला मास्क धुऊन, पुसून, घडी घालून डब्यात परत बसवायला मेकॅनिकला अर्धा तास लागे. मास्क खराब होत, मेकॅनिक कुरकुरत. ही बोट लावायची पद्धत ज्या परिपत्रकानं सुरू झाली, तेही थोरल्यांचंच. तेही एका पानात.

“मास्क लावून,” थोरले ठामपणे म्हणाले. “नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, मास्क नव्हता म्हणून जमलं.”

को-पायलटनं त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या मास्कचा डबा उघडला.

ऑपरेटरनं धूर सोडला. नाटकात वापरतात तसला, निरुपद्रवी, पण दाट. थोरल्यांनी घड्याळ सुरू केलं आणि मास्क ओढला. तो नाकावर बसला, मग पट्टे मागं जाईनात. गेले, तर कानात अडकले. त्यावर गॉगल चढवायचा, तर आत चष्मा होता. चष्म्यासकट गॉगल बसेना. चष्मा काढला, गॉगल बसला, आणि पान दिसेनासं झालं. नाकापासून चार बोटांवर धरल्यावर सतरा ओळींच्या जागी मुंग्यांची रांग दिसली.

“ओळ पहिली!” थोरले ओरडले. त्यांच्याच कानात एखाद्या पिंपात बोलल्यासारखा आवाज आला आणि त्यामागं श्वासाची मोठी फुसफुस. “मास्क आणि ऑक्सिजन!”

“काय सर?”

“मास्क! मास्क लावला का?”

“लावलाय ना सर! म्हणून तर ऐकू येत नाही!”

“ओळ दुसरी! गॉगल!”

“जोरात बोला!”

तिसरी ओळ एकमेकांचा आवाज नीट येतोय ना, याची खात्री करण्याची होती. आवाज नीट येत नाही याची खात्री व्हायला त्यांना पन्नास सेकंद लागले. मग मास्कच्या माइकचं बटण सापडलं. चौथी ओळ पंखे बंद करण्याची. थोरल्यांनी ती वाचली, तिनं पुन्हा विचारली, त्यांनी पुन्हा वाचली, तिनं चाचपडत बटण शोधलं, दाबलं, ‘झालं’ म्हणाली. थोरल्यांनी घड्याळ डोळ्यांशी नेलं.

चार मिनिटं आठ सेकंद.

मास्कच्या आत घाम येतो हे त्यांनी कुठं लिहिलं नव्हतं. ते वाचत राहिले. पाचवी, सहावी, सातवी. एकेक बटण बंद करायचं, धूर कमी होतोय का पाहायचं, नाही झाला तर पुन्हा चालू करायचं. नवव्या ओळीवर त्यांची जागा चुकली आणि आठवी दोनदा वाचली गेली. ‘जवळच्या विमानतळावर उतरण्याचा विचार करावा’ ही ओळ अकरावी होती. ती आली तेव्हा नऊ मिनिटं वीस सेकंद झाले होते. या वेळेला धाकटे उतरून, थांबून, दरवाजे उघडत होते.

“वळू का सर?” को-पायलटनं विचारलं.

“वळ! वळ! ओळ बारावी!”

तेराव्या ओळीच्या मध्यावर समोरचं आकाश तिरकं झालं, मग उभं झालं, आणि तसंच थिजलं. सगळे दिवे लाल.

“बारा मिनिटं,” मागून ऑपरेटर म्हणाला. “यंत्रणा गेली. पडलो आपण, साहेब.” आणि थोडं थांबून, “परत?”

“परत,” थोरले म्हणाले.

दुसऱ्यांदा ते चौदाव्या ओळीपर्यंत पोचले. पडले मात्र त्याच शेतात.

*

बाहेर कॉफीच्या मशीनशेजारी बाक होतं. थोरले तिथं बसले. कपाळावर आणि गालांवर गॉगलचा लाल वळ उमटला होता. तीन मिनिटं पन्नास सेकंद. आपण तो वेळ कुठं मोजला होता हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. कँटीनमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, चष्मा लावून, पुढ्यात कॉफी घेऊन. मध्ये एक घोटही घेतला होता, आणि प्रामाणिक माणूस म्हणून त्याचे दोन सेकंद वजा केले होते.

को-पायलट शेजारी येऊन बसली.

“सर, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“आता रागावून कुठं जाऊ? दोनदा पडलोय.”

“त्या दिवशी विमान थांबल्यावर, जिना लागायच्या आधी, कॅप्टन मला म्हणाले, पानाबद्दल काही बोलू नकोस. म्हणाले, पान चुकलेलं आहे, एवढ्या वेळात ते कुणालाच जमणार नाही. पण त्या माणसानं बावीस वर्षं त्या पुस्तकात घातलीत. म्हणाले, माझं लक्ष उडालं असं मी लिहून देतो, पुढं सवडीनं पान बदलून घेऊ.”

थोरल्यांनी गालावरचा वळ चोळला.

“आणि तू गप्प बसलीस?”

“मला कुणी विचारलंच नाही सर. फॉर्ममध्ये ‘पानाबद्दल मत’ असा रकानाच नाही.”

“फॉर्म कुणी केलाय?”

“तुम्हीच सर.”

थोरल्यांना वाटलं होतं की लाज वाटेल. ती वाटली, पण ती मागच्या रांगेत होती. पुढच्या रांगेत दुसरंच काहीतरी कोपरानं ढकलत उभं होतं. धाकट्यांनी विमान उतरवलं, ठीक. वर्तमानपत्रात झळकले, ठीक. फ्रिजचं दार घेतलं, तेही कसंबसं. पण आता ते गुपचूप त्यागमूर्तीही होऊन बसले होते! एवढी मोठी, बावीस वर्षं मुरलेली, संपूर्ण स्वतःच्या हातची अशी थोरल्यांची एकच चूक होती, आणि त्या चुकीवरही हाच माणूस सही करून मोकळा झाला होता.

ते उठले, आपल्या टेबलावर गेले आणि ‘कॉकपिटमध्ये धूर’ हे पान रद्द केलं. त्याला लेखकाची एकट्याची सही पुरते. सगळ्या विमानांना तासाभरात निरोप गेला: मास्क लावा आणि परत फिरा, बाकी सगळं वळता वळता. दोन ओळी होत्या. मग त्यांनी समासातली ‘अनाकलनीय दिरंगाई’ खोडली. मात्र फाइलमध्ये धाकट्यांचं सही केलेलं निवेदन तसंच होतं, आणि कबुलीजबाब हातात असताना थोरल्यांच्या अहवालाला कोण विचारणार? ते निवेदन बदलणं थोरल्यांच्या हातात नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी धाकटे गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होते. मेहुणीनं दार उघडलं, थोरल्यांचा चेहरा पाहिला आणि “चहा टाकते” म्हणून आत गेली ती आतच राहिली.

“या साडूभाऊ! बसा.”

“बसायला आलो नाही. तुमचं निवेदन खोटं आहे.”

धाकट्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. “को-पायलट मुलगी बोलली वाटतं.”

“काल मी स्वतः पान वाचलं. मास्क लावून. दोनदा पडलो.”

“अरेरे,” धाकटे म्हणाले, आणि ते इतक्या मनापासून म्हणाले की थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“निवेदन बदला. पाच वाजता अहवाल द्यायचाय.”

“राहू द्या हो. मी विचार करून लिहिलंय. पाच वर्षं ट्रेनिंग नाही मिळालं तर माझं काय बिघडतं? मी उडवत राहीन. पण तुमचं पुस्तक गेलं, तर तुमच्याकडे काय राहील?”

हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं होतं. शिवी दिली असती तर परत देता आली असती.

“चूक राहील,” थोरले म्हणाले. “माझी आहे ती. परत द्या.”

“साडूभाऊ, चूक काय अशी—”

“तुम्ही विमान उतरवलंत, ते तुमचं. फोटो तुमचा. सासूबाई तुमच्या, ठेवा. पण ते पान मी लिहिलं, मी मोजलं, मी कॉफी पिता पिता मोजलं! त्याच्यावर तुमची सही कशाला? तुम्ही म्हणजे घरात माझं म्हणून काही ठेवणारच नाही का?”

धाकटे बघतच राहिले. अठरा वर्षांत त्यांनी थोरल्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. मग त्यांचाही चढला.

“मी तुमच्यासाठी माझं रेकॉर्ड खराब करून घेतलं, आणि तुम्ही माझ्याच दारात—”

“कुणी सांगितलं होतं? नऊ दिवस! नऊ दिवस आपली एकतीस विमानं ते पान घेऊन वर फिरत होती. तुम्हाला ठाऊक होतं ते चुकीचं आहे. तुम्ही म्हणालात, सवडीनं बदलून घेऊ. या नऊ दिवसांत कुठं दुसरा धूर झाला असता तर?”

हा मुद्दा थोरल्यांना घरून निघताना सुचलेला नव्हता. तो जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये सुचला. पण बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खरा मुद्दा हाच आहे. धाकट्यांच्याही लक्षात आलं. ते खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो उतरताना पाहायला मिळावं म्हणून थोरल्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती! पण आता समोर तो दिसत होता तर त्यात फारशी मजा नव्हती. पंधरा-वीस टक्के असेल.

“माझ्या डोक्यातच आलं नाही,” धाकटे म्हणाले. “मी फक्त तुमचा विचार केला.”

“काल संध्याकाळी रद्द केलंय पान.”

“बरं केलंत.” त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. “द्या कागद.”

त्यांनी लिहिलं: ‘चौथ्या ओळीनंतर मी पान जाणूनबुजून सोडलं, कारण मास्क लावून ते वेळेत पूर्ण होणं शक्य नव्हतं. हे मी आधीच सांगायला हवं होतं.’ सही केली. कागद परत देताना थोरल्यांचा हात धरला.

“साडूभाऊ, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात.”

“अजिबात नाही,” थोरले म्हणाले, आणि त्या आठवड्यात दोघांमध्ये झालेल्या बोलण्यातलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं. चहा न घेताच ते जिना उतरले.

अहवाल पावणेपाचला बाईंच्या टेबलावर गेला. ‘कॅप्टननं पान सोडलं हे योग्य केलं. दोष पानाचा. पान लिहिणाऱ्यानं मास्क न लावता वेळ मोजला.’ बाईंनी तो वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला.

“तुमच्या मोजणीचं लिहायची गरज नव्हती,” त्या म्हणाल्या. “‘पान सदोष’ एवढं चाललं असतं.”

“चाललं असतं,” थोरले म्हणाले. “पण मग ते कुणाचंही वाटलं असतं.”

घरी आले तेव्हा बायको फोन ठेवत होती.

“आईचा होता. तुम्हाला कळलं का? धाकट्यांनी म्हणे स्वतःहून निवेदन बदललं. आधी काहीतरी चुकीचं लिहिलं होतं, ते आज जाऊन प्रामाणिकपणे दुरुस्त केलं. आईला तर रडूच आलं. म्हणाली, असा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही.”

थोरल्यांनी बूट काढायला एक पाय वर घेतला होता, तो तसाच राहिला.

“आणि ट्रेनिंग-प्रमुखही तेच होणार म्हणे,” ती पुढं म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. सकाळी ते कुठं गेले होते, हे तिला ठाऊक होतं. “अहो, मग तुम्ही आईला सांगा ना, की तुम्ही करायला लावलंत म्हणून.”

थोरल्यांनी विचार केला. सांगितलं, तर सासूबाई विचारणार, आधी खोटं का लिहिलं होतं? उत्तर एकच, थोरल्यांना वाचवायला. म्हणजे धाकटे आणखी मोठे. नाही सांगितलं, तर धाकटे आत्ता आहेत तेवढे मोठे. त्यांनी हे बायकोला नीट, क्रमानं समजावून सांगितलं.

ती ऐकत होती तोवर ठीक होती. मग तिला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, तरी आवरेना, तेव्हा खुर्चीवर बसून हसली.

“हसायला काय झालं?”

“काही नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “हात धुऊन घ्या. वाढते.”

थोरल्यांनी दोन्ही बूट काढले. भूक लागली होती, ही गोष्ट मात्र त्यांना नाकारता येईना.